उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्या : रात्रीचं खुराडं कसं ठेवता?

काळी_कसदार
११ एप्रिल, सकाळी ६.५०

आर्वी तालुक्यात (जि. वर्धा) पारा आत्ताच ४२ ला टेकलाय आणि मे अजून पुढे आहे. गावात कोंबड्या मरायला लागल्या की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "ऊन लागलं." मग दुपारची सोय सगळेच करतात. गोणपाट टांगतात, सडा मारतात, सावलीत माठ ठेवतात. ते करायलाच हवं. पण मला बरीच वर्षं वाटत आलंय की आपलं लक्ष रात्रीकडे कमी आहे.

परसातली कोंबडी दुपारी मोकळी असते. तिला कुणी शिकवावं लागत नाही. न्हाणीचं पाणी जिथे केळीला जातं तिथे ती खड्डा उकरते, ओल्या मातीला पोट लावून बसते आणि चार वाजेपर्यंत हलत नाही. संध्याकाळी मात्र आपण तिला अशा पेटीत कोंडतो जिच्यावरचा पत्रा दिवसभर तापलाय, मांजराच्या भीतीने जिच्या फटी फळ्या ठोकून बुजवल्यात आणि जिच्यात दहा जणी दाटीने बसल्यात. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश. तिला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायचे तिचे मार्ग दोन. एक, पिसं नसलेल्या किंवा कमी असलेल्या जागा, म्हणजे तुरा, गळ्याखालचे लोलक, पाय, पंखांची आतली बाजू. दुसरा, चोच उघडी ठेवून धापा टाकणं. पहिल्याला वारा लागतो, दुसऱ्याला कोरडी हवा. बंद खुराड्यात दोन्ही मिळत नाहीत.

माझ्याकडे साधारण डझनभर कोंबड्या असतात, बहुतेक गावठी, थोड्या गिरिराज या सुधारित जातीच्या. खुराडं सात फूट उंच, लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर येतं. चारही बाजूंना अर्धा इंची वेल्डमेश (जोड दिलेली कडक लोखंडी जाळी), भिंत कुठेच नाही. वर पत्रा, पत्र्यावर हातभर जागा सोडून बांबूची चौकट आणि तिच्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) जाड थर. मधल्या जागेतून हवा वाहते, त्यामुळे पत्र्याला थेट ऊन लागत नाही. छप्पर चारही बाजूंना तीन फूट पुढे काढलंय. हिवाळ्यात फक्त उत्तरेला आणि पश्चिमेला गोणपाट बांधतो.

तुमच्याकडे रात्री काय करता ते लिहा. मांजर, मुंगूस आणि हवा या तिन्हींचा मेळ कसा घालता, हे मला विशेष ऐकायचंय.


शेवंती_यवतमाळ
११ एप्रिल, दुपारी १.१५

दादा, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या बचत गटातल्या बायकांकडे प्रत्येकी पाच ते पंधरा कोंबड्या आहेत. वेल्डमेशचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. आम्ही बांबूच्या कामट्यांचे ताटवे करून घेतले, दोन कामट्यांत बोटभर फट. रात्री हे खुराडं अंगणाच्या मधोमध ठेवायचं, भिंतीला चिकटवून नाही. मातीची भिंत परवडली, पण सिमेंटची भिंत मध्यरात्रीपर्यंत गरम असते, हात लावून पाहा.

एक प्रश्न आहे. मुंगूस खालून माती उकरून आत येतं. त्यावर काय करावं?


काळी_कसदार
११ एप्रिल, दुपारी ३.४०

ताई, जाळी सरळ खाली गाडण्यापेक्षा खुराड्याच्या पायाशी काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरायची आणि वर माती-दगड टाकायचे. मुंगूस भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतं, तिथे जाळी लागली की सोडून देतं. मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. जाळी नसेल तर तेवढ्या पट्ट्यात फरशीचे तुकडे रचले तरी चालतं. आणि कोंबड्यांसाठी म्हणून जी षटकोनी पातळ जाळी मिळते ती फक्त कोंबड्या आत ठेवायला ठीक. कुत्रं ती फाडतं, आणि मोठ्या भोकांतून साप आणि घूस सहज आत येतात.


पशुवैद्य_मराठवाडा
११ एप्रिल, रात्री ९.२०

धागा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोंबडीला १८ ते २४ अंशांमध्ये सर्वांत बरं वाटतं. ३० च्या पुढे ती खाणं कमी करते, कारण पचनातूनही उष्णता तयार होते. ३५ च्या पुढे धापा सुरू होतात. त्यापुढे किती सोसेल हे जात, वजन, सवय आणि हवेतला दमटपणा यांवर ठरतं. गावठी कोंबडी सावली आणि पाणी असेल तर ४२-४३ काढते. त्याच हवेत पूर्ण वाढीचा ब्रॉयलर तासा-दोन तासांत जातो.

रात्रीचा मुद्दा बरोबर आहे, त्याचं कारण असं. दिवसभर अंगात साठलेली उष्णता कोंबडी रात्रीच्या गारव्यात बाहेर टाकते. ती संधी मिळाली तर दुसऱ्या दिवसाची दुपार ती सोसते. रात्र गरम गेली तर ती सकाळीच थकलेली असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुलनेने साध्या उन्हातही पडते. लागोपाठ गरम रात्री आल्या की आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी वाढतात, हा अनुभव आहे.

आतल्या गादीबद्दल. हिवाळ्यात चार-सहा इंच तूस किंवा भुसा ठीक. पण विष्ठा मिसळलेली जाड गादी कुजताना स्वतः गरम होते आणि अमोनिया सोडते. उन्हाळ्यात ती काढून परसात टाका आणि दोन इंच स्वच्छ तूस किंवा कोरडी वाळू घाला. बसायच्या दांड्यावर एरवी एका कोंबडीला आठ इंच जागा पुरते, एप्रिल-मेमध्ये फूटभर द्या. पंख अंगापासून सुटे धरायला जागा मिळाली पाहिजे.


गच्चीवरची_बाग
१२ एप्रिल, सकाळी १०.०५

पुण्यात गच्चीवर ग्रामप्रिया जातीच्या चार कोंबड्या पाळल्यात. पुणं विदर्भाइतकं तापत नाही, तरी दुपारी त्या चोच उघडी ठेवून बसतात. पाणी भरपूर आहे, पण पीत नाहीत. वर निप्पलची (चोचीने दाबलं की थेंब पडतो ती) पाण्याची लाइन बसवली आहे, काळ्या पाइपची. त्यात काही चूक होतेय का?


पशुवैद्य_मराठवाडा
१२ एप्रिल, दुपारी १२.३०

पाइपमधलं पाणी हातावर घेऊन बघा. गच्चीवरच्या काळ्या पाइपात ते दुपारी चटका बसेल इतकं तापतं. कोंबडी गरम पाणी टाळते. एरवी मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हाळ्यात ते दुप्पट किंवा जास्त होतं. पाणी गार असलं तरच हं. निप्पल सकाळ-संध्याकाळ चालू ठेवा. दुपारी मातीची पसरट भांडी द्या, एक नाही, दोन-तीन ठिकाणी, कारण दांडगी कोंबडी एका भांड्यावर बाकीच्यांना येऊ देत नाही. भांडं असं असावं की पिताना लोलक पाण्यात बुडतील. त्यातून बरीच उष्णता निघून जाते.

गच्चीचा स्लॅब हीच मोठी अडचण आहे. कोंबडी पायांवाटे उष्णता टाकते, आणि तुमच्याकडे पायाखालीच तवा आहे. चार इंच माती किंवा वाळू पसरून दुपारी ओली करा, वर दुहेरी शेडनेट लावा, दोन थरांत हातभर अंतर ठेवून.


आडाळीचा_माड
१२ एप्रिल, संध्याकाळी ७.४५

सिंधुदुर्गातून. वाचताना एक गोष्ट जाणवली, ती घाटावरच्या लोकांनी लक्षात घ्यावी आणि आमच्या लोकांनी जास्त. आमचा पारा ३५-३६ च्या वर फारसा जात नाही, पण हवा इतकी ओली की अंगावरचा घाम वाळत नाही. इथे ओलं गोणपाट टांगलं, सडा मारला, फवारा लावला की कोंबड्या अधिकच धापा टाकतात. धापेतून जी वाफ बाहेर पडायची ती ओल्या हवेत पडतच नाही.

इथे उपयोगाचा फक्त वारा. आमचं खुराडं जमिनीपासून तीन फूट उंच माच्यावर आहे, तळाला सुपारीच्या कामट्या फटी ठेवून. विष्ठा खाली पडते, वारा खालूनही लागतो. जागा माडांच्या बागेत, मोकळ्या दिशेला. रात्री वारा पडतो तेव्हा छोटा पंखा लावतो, तोंड दांड्याच्या उंचीवर. वीज गेली तरी एकदम काही बिघडत नाही, कारण बाजू उघड्याच असतात.


काळी_कसदार
१३ एप्रिल, सकाळी ६.३०

माडदादा, हा मुद्दा आमच्याकडेही लागू आहे, फक्त वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी. एप्रिल-मेमध्ये आमची हवा खणखणीत कोरडी, तेव्हा वाळ्याची तट्टी किंवा ओलं गोणपाट पश्चिमेला टांगलं की खरंच गारवा येतो. पण रोहिणी लागल्या की आभाळ येतं, पारा ४२-४३ वरच असतो आणि हवेत ओल वाढते. मृगापर्यंतचे ते दिवस आमच्याकडे सगळ्यांत वाईट. मेच्या सवयीने लोक तेव्हाही दुपारभर पाणी मारत राहतात. त्या दिवसांत पाणी बंद करायचं आणि पंखे चालू करायचे, असं मी आता सगळ्यांना सांगतो.


वाळवंटातला_मराठी
१३ एप्रिल, रात्री ११.१०

मी अ‍ॅरिझोनात, अमेरिकेतल्या फिनिक्सजवळ राहतो. मूळ अकोल्याचा, त्यामुळे ऊन ओळखीचं आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरेनहाइट, म्हणजे ४३ अंशांच्या वर गेला होता, आणि रात्रीसुद्धा कित्येकदा ३२ च्या खाली उतरला नाही. डॉक्टरांनी लिहिलेली गरम रात्रींची मालिका म्हणजे नेमकी हीच.

इथे घरामागे कोंबड्या पाळणारे बरेच आहेत. २०२४ मध्ये राज्याने कायदाही केला, अर्ध्या एकरापर्यंतच्या घराच्या आवारात सहा कोंबड्यांपर्यंत पाळायला शहरं मनाई करू शकत नाहीत. कोंबड्याला मात्र शहर नाही म्हणू शकतं, आवाजामुळे. बहुतेकांची खुराडी थंडीच्या देशातल्या पद्धतीची, लाकडी, बंद, देखणी असतात, दुकानात तशीच मिळतात. इथे ती निरुपयोगी. जुने लोक सरळ जाळीचा पिंजरा करतात, वर छप्पर, आणि तो मेस्क्विटच्या झाडाखाली ठेवतात. संध्याकाळी आतली वाळू ओली करतात. हवा कोरडी असल्याने ती पहाटेपर्यंत गार राहते. काळी_कसदार यांचं खुराडं आणि हे जवळजवळ सारखंच आहे.


उमरीचा_पाटा
१४ एप्रिल, सकाळी ८.००

एक वेगळं मत मांडतो. आमच्या आजोबांच्या काळी कोंबड्या कडुनिंबावर झोपत. ना पत्रा, ना जाळी. गावठी कोंबडीला एवढे लाड लागत नाहीत. खर्च वाढवून परसातली कोंबडी परवडेनाशी करू नका.


काळी_कसदार
१४ एप्रिल, दुपारी २.२०

दादा, झाडावरची रात्र ही कोंबडीसाठी उत्तमच, वारा चारही बाजूंनी. मी जे सांगतोय ते त्या कडुनिंबाच्या जवळ जाणारंच आहे. फरक इतकाच की तेव्हा घरोघरी रवणीतून (कोंबडीखाली अंडी उबवून) भरपूर पिल्लं निघत, रानमांजराने नि घुबडाने वाटा घेतला तरी चाले. आज एक तलंग (तरुण कोंबडी) विकत घ्यायला पैसे पडतात, एकेक गेलेली जाणवते. आणि वनराज, गिरिराजसारख्या वजनी कोंबड्या झाडावर उंच चढतही नाहीत, खालच्या फांदीवर बसतात आणि कुत्र्याच्या तोंडी जातात. ज्यांच्या अंगणात झाड आहे त्यांनी खुराडं झाडाखालीच ठेवावं, हे मात्र शंभर टक्के मान्य. झाड नसेल तर आत्ताच शेवगा किंवा हादगा लावा, दोन उन्हाळ्यांत सावली देतो आणि पाला कोंबड्या खातात.


शेवंती_यवतमाळ
१५ एप्रिल, दुपारी १२.५०

डॉक्टर, दुपारी दाणा टाकावा का? आमच्याकडे दुपारी जेवण झालं की उरलेलं त्यांना टाकायची सवय आहे. आणि अंडी पातळ कवचाची पडायला लागलीत, हातात घेतली की दबतात. शिंपल्याची पूड देतोय तरी.


पशुवैद्य_मराठवाडा
१५ एप्रिल, रात्री १०.००

दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत ताई.

दाणा पोटात गेला की पुढचे काही तास पचनाची उष्णता अंगात तयार होत राहते. म्हणजे अकराला खाल्लेलं तिला दोन-तीनला भारी पडतं, नेमकं जेव्हा बाहेर आग असते. म्हणून मुख्य खाणं पहाटे उजाडताना आणि ऊन उतरल्यावर. साधारण दहा ते चार दाणा समोर ठेवूच नका, उरलेलं अन्न संध्याकाळी द्या. दुपारी द्यायचंच तर कलिंगडाची सालं, काकडी, कोवळा पाला, म्हणजे पोटात पाणी जाईल असं. पहाटे मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा थोड्या पाण्यात कालवून दिला तर त्या जास्त खातात. तासाभरात उरलेला उचलून टाका, उन्हाळ्यात तो लगेच आंबतो. शेंगदाण्याची पेंड बुरशी लागलेली कधीही देऊ नका, थोडीसुद्धा नाही. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं.

आता कवचाचं. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर जातो. अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेटचा भाग त्याच कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. तुम्ही शिंपला दिला, कॅल्शियम मिळालं, पण जोडीचा घटक धापेतून उडून गेला. शिवाय खाणंच कमी झालेलं असतं. म्हणून पातळ कवच हे आधी उष्णतेचं लक्षण समजा, मग आहाराचं. कवचाचा बराचसा भाग रात्री तयार होतो, त्यामुळे शिंपल्याचे भरड तुकडे संध्याकाळच्या दाण्यासोबत वेगळ्या भांड्यात ठेवा. पूड लवकर निघून जाते, तुकडे रात्रभर पोटात टिकतात. आणि रात्री हवा मिळाली की धापा थांबतात, कवच आपोआप सुधारतं. या धाग्याच्या विषयाशी हे थेट येऊन मिळतं.

इलेक्ट्रोलाइट पावडर कडक उन्हाच्या दिवसांत सकाळच्या पाण्यात द्यायला हरकत नाही, शेजारी साधं पाणीही हवंच. रोज महिनाभर देत राहू नका, विष्ठा पातळ होते आणि गादी ओली राहते.


गच्चीवरची_बाग
१६ एप्रिल, सकाळी ९.३०

गच्चीवर माती पसरली, मातीची परळं ठेवली. कोंबड्या दुपारी त्या मातीत लोळतात आणि पाणी खरंच पितात. आता अजून एक विचारतो. उन्हाचा झटका आलेली कोंबडी ओळखायची कशी आणि लगेच करायचं काय?


पशुवैद्य_मराठवाडा
१६ एप्रिल, दुपारी १.००

नुसती चोच उघडी आणि पंख सुटे असतील, पण कोंबडी उभी असेल, हाक मारल्यावर मान वळवत असेल, तर ती स्वतःला सांभाळतेय. तिला धरू नका, पळवू नका. पकडताना जी धडपड होते त्यानेच कित्येकदा ती जाते.

धोक्याची खूण म्हणजे डोळे अर्धे मिटलेले, तुरा आधी लालभडक आणि नंतर फिकट किंवा निळसर, पाय लटपटणं, मान खाली टेकणं. अशी कोंबडी अलगद उचलून सावलीत वाऱ्यावर न्या. तिचे पाय आणि पोटाचा खालचा भाग माठातल्या साध्या पाण्यात बुडवून धरा. तुरा आणि लोलक ओल्या फडक्याने पुसत राहा. बर्फाचं पाणी नको, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. चोच उघडून घशात पाणी ओतायचं तर अजिबात नाही, ते श्वासनळीत जातं. चोचीच्या टोकाला थेंब लावा, ती आपणच घेईल. सावरली की रात्रभर वेगळ्या डालग्याखाली, मोकळ्या हवेत ठेवा.

लसीकरण, जंताचं औषध, कोंबड्यांची ने-आण ही कामं उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच.


आडाळीचा_माड
१६ एप्रिल, रात्री ८.१५

अंड्यांबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे मेमध्ये फोडलेल्या अंड्यात लाल रेषा दिसतात आणि लोक म्हणतात कोंबडी आजारी आहे. तसं नसतं. कळपात कोंबडा असेल तर अंडं फळलेलं असतं, आणि घरातच ३४-३५ अंश असतील तर कोंबडी न बसताही गर्भ वाढायला लागतो. म्हणून खायच्या अंड्यांसाठी ज्यांनी कोंबड्या ठेवल्यात त्यांनी उन्हाळ्यात कोंबडा वेगळा करावा. त्याच्यावाचून अंडी घालायचं थांबत नाही. कोंबडा काढल्यावरही दोन-तीन आठवडे अंडी फळलेली येतात, तेवढं धरून चाला. आणि अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, संध्याकाळची वाट बघू नका.


उमरीचा_पाटा
१७ एप्रिल, सकाळी ७.२०

माडदादांची माहिती नवीन आणि उपयोगी. माझ्याकडे दोन कोंबड्या आत्ता खुडूक झाल्यात, उबवायला बसून राहतात. अंडी रवणीला घालू की नको?


काळी_कसदार
१७ एप्रिल, दुपारी ४.१०

माझं मत, वऱ्हाडात गुढीपाडव्यानंतर घालू नका. अंडं आधीच दिवसभर गरम जागेत राहिलेलं असतं, गर्भ अर्धवट वाढून मेलेला असतो, त्यातून फार कमी पिल्लं निघतात. शिवाय खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, थोडं खाते-पिते आणि परत बसते. ४५ अंशांत २१ दिवस ती तसंच करते, अंड्यांवरून उठत नाही म्हणजे नाही. माझी आई अशा कोंबडीसाठी टोपलीच्या तळाशी चार बोटं ओली वाळू घालायची, वर राख, वर मऊ गवत, आणि ती टोपली घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, रांजणाशेजारी. वाळूची ओल अंड्यांनाही मिळते. बसवायचीच असेल तर अशी, आणि आठ-नऊ ताज्या अंड्यांपेक्षा जास्त नको.

नाही बसवायची तर तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात सावलीत तीन-चार दिवस ठेवा, खालून वारा लागेल असं. पोट गार झालं की खुडूकपणा जातो. पाण्यात बुडवणं, पिसं उपटणं, शेपटीला काही बांधणं हे प्रकार कृपा करून थांबवा. त्याने जीव हैराण होतो, बाकी काही नाही.


शेवंती_यवतमाळ
१९ एप्रिल, दुपारी १२.००

गटातल्या दोघी नवीन पिल्लं घेणार आहेत. आमच्या उन्हाला कोणती जात बरी?


पशुवैद्य_मराठवाडा
१९ एप्रिल, रात्री ९.४५

तुम्हाला अंडी हवीत की वजन, त्यावर ठरेल. गावठी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, पण ऊन, रोग, शत्रू सगळ्यांतून तगते आणि स्वतः पिल्लं काढते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया अंड्यांसाठी, वनराज अंडी-मांस दोन्हींसाठी. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, वजनाला चांगली. सुधारित जाती नीट खुडूक बसत नाहीत, त्यांची अंडी गावठीखाली घालावी लागतात. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, त्याच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ऊन चांगलं सोसतो, अंडी मात्र कमी.

उन्हासाठी खरी चांगली म्हणजे उघड्या मानेची कोंबडी. तिच्यात एक जनुक असतं ज्याने मानेवर पिसं येत नाहीत आणि बाकी अंगावरही विरळ येतात, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्यावरून 'हितकारी' ही संकरित जात काढली आहे. गावातही अधूनमधून अशी कोंबडी दिसते. लोक तिला दिसायला वाईट म्हणून आधी कापतात. ती ठेवा, तिच्यापासून पिल्लं घ्या.

पिल्लांसाठी नागपूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा. पण माझा सल्ला, मेमध्ये घेऊ नका. प्रवासातच जातात. पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस उन्हाळ्याआधी झालीच पाहिजे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी लस टोचून. लस थर्मासमध्ये बर्फावर आणा, दुपारी पिशवीत घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. उन्हाने मरतात त्या बहुधा वजनी कोंबड्या, दुपारनंतर किंवा रात्री, आणि एकदोन दिवसांत पारा उतरला की मरणं थांबतं. गार हवेतही मरत असतील, मान वाकडी होत असेल, हिरवट हगवण असेल, डोकं सुजलं असेल तर "ऊन लागलं" म्हणून गप्प बसू नका, लगेच दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापुरात सापडला होता. आपल्यासाठी ही लांबची गोष्ट नाही. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.


शेवंती_यवतमाळ
२८ मे, सकाळी ७.००

धागा वर आणते. आम्ही गटातल्या सगळ्या खुराड्यांच्या फळ्या काढून कामट्यांचे ताटवे बसवले, छपरावर पऱ्हाट्या टाकल्या, दाणा पहाटे आणि संध्याकाळी. यंदा ऊन कमी नव्हतं, पण रात्री दगावलेली कोंबडी माझ्या ऐकण्यात आलेली नाही. कवचही बऱ्यापैकी परत आलं. काल आभाळ आलं, तेव्हा माडदादांचं आठवून पाणी मारणं बंद केलं.

आता पहिल्या पावसाची भीती वाटते. गेल्या वर्षी मृगात पिल्लांना रक्ताची हगवण लागली होती.


पशुवैद्य_मराठवाडा
२८ मे, रात्री ८.३०

ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तिचे जंतू ओल्या, उबदार गादीत वाढतात. पावसाची पहिली झड येण्याआधी खुराड्यातली सगळी जुनी गादी काढा, जमिनीवर चुना भुरभुरा, दोन दिवस ऊन खाऊ द्या आणि मग कोरडं तूस घाला. पाण्याची भांडी विटेवर ठेवा, म्हणजे सांडून खाली चिखल होणार नाही. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यातून औषध घ्या, ते पाण्यातून द्यायचं असतं, कारण आजारी पिल्लू खात नाही पण पाणी पितं.

आणि कामट्यांच्या बाजू पावसाळ्यातही पूर्ण बंद करू नका. पावसाच्या दिशेला गोणपाट, बाकी तीन बाजू उघड्या.


काळी_कसदार
२९ मे, सकाळी ६.१५

ताई, छपरावरच्या पऱ्हाट्याही पावसाआधी उतरवून घ्या. भिजल्या की कुजतात, त्यात विंचू आणि उंदीर घर करतात, पुढच्या वर्षी कामाच्याही राहत नाहीत. आम्ही त्या चुलीला वापरतो आणि नव्या कापूस उपटल्यावर, फेब्रुवारीत चढवतो. चौकट तेवढी तशीच राहू द्या, तिच्यावर दोडक्याचा वेल चढवता येतो.